दीड फुटाचा न्याय

कोल्हापूर-सांगलीकडील सुशिक्षित कुटुंबांत घर घेण्याची गोष्ट निघाली की अलीकडे दोन रेषांची चौकशी प्रथम होते. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारे जेथवर पोहोचते ती लाल. पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढून ही व्यवस्था महाराष्ट्रात घालून दिली. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत मनाई, तेथून लाल रेषेपर्यंत निर्बंध, असा तिचा सरळ अर्थ. येथवर आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या 'निर्बंध' शब्दाची पुढे जी दशा झाली तिच्याबद्दल.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट. सांगलीस आयर्विन पुलाशी ४५ फुटांवर धोका मानतात, तेथे कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. हे पाणी ओसरून दीड वर्षही झाले नव्हते तोच, म्हणजे २०२० च्या अखेरीस, मुंबई आदी काही क्षेत्रे वगळून उर्वरित महाराष्ट्रास लागू होणारी एकत्रित बांधकाम नियमावली आली. तीत असे ठरले की दोन रेषांमधील पट्ट्यात इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच घेतले की बांधकामास परवानगी देता येईल. निळ्या रेषेच्या आतील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीसही हीच सवलत. ०.४५ मीटर म्हणजे दीड फूट. निर्बंध तो काय, तर दीड फूट! आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर पुन्हा पाण्याखाली गेले.

या नियमाच्या कर्त्यांस घरात पाणी न शिरण्याची चिंता आहे, पण त्या घराने अडविलेले पाणी जाणार कोठे, याची नाही. उंच जोते म्हटले की आमच्याकडे मुरुमाचा भराव आलाच. एका एकरावर सहा फूट भराव घातला तर सुमारे ७४ लाख लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. ते पाणी काही आकाशात परत जात नाही. ते शेजारच्या बैठ्या घरात, पलीकडच्या उसात, नाही तर खालच्या अंगाच्या गावात शिरते. ज्याने नियम पाळला तो कोरडा राहतो आणि ज्याने काहीच केले नाही तो भिजतो. असल्या व्यवस्थेस नगररचना कशी म्हणावी हे आम्हांस उमगत नाही.

'शंभर वर्षांचा पूर' या नावानेही पुष्कळ शहाणी माणसे फसतात. २०१९ साली येऊन गेला, आता नातवंडांच्या काळी येईल, असा हिशेब आम्ही भल्याभल्यांच्या तोंडून ऐकला आहे. खरा अर्थ इतकाच की तो पूर दरसाल येण्याचा संभव शेकडा १ आहे, आणि मागल्या वर्षी येऊन गेला म्हणून तो कमी होत नाही. तीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून लाल रेषेच्या कडेवर घर घेणाऱ्यास ते कर्ज फिटण्यापूर्वी हा पूर एकदा तरी दिसण्याचा संभव शेकडा २६ भरतो. निळ्या रेषेच्या कडेवर तोच शेकडा ७१ होतो. मुलीचे स्थळ पाहताना याहून कितीतरी क्षुल्लक शंकेवरून आम्ही माघार घेतो! शिवाय या रेषा मागल्या पावसांच्या नोंदींवर आखलेल्या. पुढला पाऊस त्या नोंदींची मर्यादा पाळीलच असे हवामानशास्त्री आता सांगत नाहीत.

यावर अलमट्टीकडे बोट दाखविण्याची रीत आहे. धरणांच्या विसर्गाचा विचार व्हावा, यात वाद नाही. परंतु वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या महापुराची कारणे सांगताना अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातील अतिक्रमणांचाही निर्देश केला होता. शेजारच्या राज्यातील धरणावर बोलणे सोपे. आपल्या गल्लीतील भरावाबद्दल बोलले तर सोयरे दुखावतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. शहरे वाढत आहेत, माणसांनी राहावे कोठे? ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरे चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत आहेत त्यांच्याबद्दल आम्ही एक अक्षरही बोलत नाही. त्यांचा प्रश्न पुनर्वसनाचा आहे. पण नव्या बहुमजली इमारती काही निराश्रितांसाठी उठत नाहीत. त्यांचे गिऱ्हाईक आपणच, म्हणजे हे मासिक वाचणारी मंडळी. नदीचा देखावा म्हणून चार पैसे जास्त मोजणारेही आपणच. जुनी माणसे सर्वच शहाणी होती असा आमचा दावा नाही. कित्येक गावठाणे आजही भिजतात. तरी नृसिंहवाडीचे दत्तमंदिर पाहावे. कृष्णा चढली की पाणी एका अंगाने आत येते, पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, आणि भाविक त्यास सोहळा म्हणतात. काठावर बांधायचेच तर पाण्यास वाट ठेवून बांधावे, एवढे ज्या कोणा गवंड्यास कळले होते ते नियमावलीच्या मसुदाकारांस कळू नये?

आमचे मागणे फार नाही. दोन रेषांमधील पट्ट्यात नवा भराव सरसकट बंद व्हावा, आणि तेथील ज्या मालकाचे नुकसान होईल त्यास उंचावर बांधण्याचा हक्क मोबदला म्हणून मिळावा. रेषा कचेरीतील नकाशात न ठेवता जमिनीवर दगड रोवून दाखवाव्या. प्रत्येक खरेदीखतात, दिवाणखान्याच्या लांबीरुंदीइतक्याच ठळक अक्षरांत, हे घर कोणत्या रेषेच्या आत आहे ते लिहिलेले असावे, आणि ते वाचून दाखविल्याखेरीज निबंधकाने दस्त नोंदवू नये.