एचडीआर मॉनिटर: स्टिकर बघायचं की कॅरेट?



दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालला होता, लेकीचा मॉनिटर. ती जळगावातल्या दोन-तीन सराफांसाठी दागिन्यांचे फोटो काढते, कॉम्प्युटरवर नीट करते आणि दुकानांना पाठवते. तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांकडे जातात. मध्यंतरी एक ऑर्डर परत आली. फोटोत पिवळंधमक दिसलेलं पेंडंट हातात घेतल्यावर तांबूस वाटलं, अशी तक्रार. दुकानदाराने लेकीला चार शब्द सुनावले. त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, "मम्मी, माझा मॉनिटर जुना झालाय. एचडीआर घ्यायचाय, 28,000 चा." पैसे तिच्याच कमाईचे, पण तेवढे साठवायला तिला सहा महिने लागले होते.

आता पोरांना नुसतं "नको" म्हणून भागत नाही. नकोच म्हणायचं तर कारण सांगता आलं पाहिजे. म्हणून मी विचारत, वाचत, बघत गेले. माझं मत आधीच सांगते: बॉक्सवर "एचडीआर" लिहिलंय एवढ्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

एचडीआर म्हणजे काय, ते अजिंठ्याला गेलेलीला लगेच समजेल. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात आपण आत उभ्या असतो. भिंतीवरचं चित्र अंधारात, आणि दाराबाहेर लख्ख ऊन. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतं. फोटो काढला की एकतर दार पांढरं फटक होतं, नाहीतर चित्र काळं. उजेड आणि अंधार यांच्यातलं हे अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज, आणि ते अंतर जास्तीत जास्त दाखवणारा पडदा म्हणजे एचडीआर. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं एचडीआर वेगळं बरं का. तिथे कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो एकत्र करून एक फोटो बनवतात. तो साध्या पडद्यावरही छानच दिसतो.

पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. साधा मॉनिटर 250 ते 350 निट्सचा असतो. खरं एचडीआर दिसायला उजेड त्याहून बराच हवा, आणि त्याच वेळी शेजारचा काळा भाग काळाच राहायला हवा. खरी मेख या दुसऱ्या अटीत आहे. साध्या एलसीडी पडद्यामागे दिवे सतत चालू असतात. उजेड वाढवला की काळाही राखाडी होतो. म्हणून चांगल्या मॉनिटरमध्ये मागचे दिवे भागाभागांनी मंद करता येतात, त्याला लोकल डिमिंग म्हणतात. ओएलईडीमध्ये तर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो.

आपण जळगावच्या बायका, सोन्याच्या भाषेत बोलू. 2021 पासून हॉलमार्कची सक्ती झाली, तेव्हापासून आपण दागिना उलटा करून 916 बघतो. "अगदी सोन्यासारखं" या शब्दावर कुणी पैसे देतं का? मॉनिटरच्या बॉक्सवर नुसतं "एचडीआर10 सपोर्ट" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की हा मॉनिटर एचडीआरचा सिग्नल घेऊ शकतो. तो किती चांगला दाखवेल, याबद्दल त्यात काहीच नाही. कॅरेट सांगणारा शिक्का वेगळा आहे. व्हेसा नावाच्या संस्थेने डिसेंबर 2017 मध्ये डिस्प्लेएचडीआर 400, 600, 1000 अशा पायऱ्या ठरवल्या. पुढे ओएलईडीसाठी "ट्रू ब्लॅक" आला. यातल्या 400 च्या पायरीला लोकल डिमिंगची सक्तीच नाही. म्हणजे शिक्का खरा, पण 14 कॅरेटचा. लेकीने पसंत केलेला मॉनिटर नेमका 400 चाच निघाला.

तरी म्हटलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नाही. धुळ्याच्या नणंदबाईंच्या मुलाने गेल्या वर्षी तसाच मॉनिटर घेतलाय. लग्नाच्या निमित्ताने धुळ्याला जाणं झालं, तेव्हा मी आणि लेक त्याच्या खोलीत जाऊन बसलो. दुपारची वेळ, पश्चिमेची खिडकी. पडद्यावर खिडकीच दिसत होती, एचडीआर कुठलं दिसायला! भाच्याने विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं, तर त्याच्या ऑफिसच्या फाइली उलट फिक्या पडल्या. तो हसून म्हणाला, "मामी, मी हे बंदच ठेवतो." रात्री दिवे मालवून सिनेमा लावला तेव्हा थोडा फरक दिसला, पण नणंदबाई म्हणाल्या तसं, "दहा हजारांचा नाही दिसला." आपल्याकडे आठ महिने ऊन कसं असतं ते सांगायला नको. भर उजेडाच्या खोलीत पडद्याचा काळा रंग टिकतच नाही.

आता लेकीच्या कामाचं. तिचे फोटो साधे जेपीजी असतात आणि बघणारा ते मोबाइलवर बघतो. अशा फोटोंसाठी एसआरजीबी हे रंगांचं माप 1996 पासून चालत आलंय. म्हणून तिला हवा होता रंग खरा दाखवणारा पडदा: आयपीएस पॅनल, एसआरजीबीचे जवळपास सगळे रंग, आणि कारखान्यातच रंग तपासल्याचा कागद सोबत. तिच्या कामाला उजेड 300 निट्सचा पुरतो. आणि गंमत म्हणजे पेंडंटच्या तक्रारीत मॉनिटरचा दोष कमीच होता. ती फोटो काढते त्या टेबलावर एक पिवळा बल्ब, एक पांढरी ट्यूब आणि खिडकीचं ऊन, तिन्ही एकदम पडत होतं. कॅमेऱ्याने तरी काय करावं?

मग एचडीआर कुणी घ्यावं? ज्यांच्या घरी अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघितले जातात किंवा गेम खेळले जातात, आणि ज्यांना ओएलईडी किंवा निदान भरपूर डिमिंग झोन असलेला मिनी-एलईडी परवडतो, त्यांनी खुशाल घ्यावा. तो पडदा खरंच सुंदर असतो, उगाच नावं ठेवायचं कारण नाही. ज्यांच्या घरी एखादं पोर एचडीआर व्हिडिओ बनवून कमावतं, त्यांचीही गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी दुकानात तीनच प्रश्न विचारावेत: व्हेसाचा आकडा किती? लोकल डिमिंगचे झोन किती? एसआरजीबी किती टक्के? "जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या" असं आम्हाला एका दुकानात सांगितलं. सप्टेंबर 2025 मध्ये कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला तो 32 इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर. आपण घेतो तो 24 किंवा 27 इंची आधीपासूनच 18 टक्क्यांत होता.

शेवटी लेकीने 27 इंची साधा, पण रंगाला खरा मॉनिटर घेतला, 17,000 चा. उरलेल्यातून फोटोसाठी एकाच जातीचे दोन चांगले दिवे आणि एक जाड पडदा आला. त्यानंतर रंगाची तक्रार आलेली नाही. आणि त्याच दुकानदाराने परवा नवीन काम पाठवलं.

आपलं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं. सासूबाई म्हणतात, परिमाण म्हणजे मन मारणं नव्हे, मोजणं. आधी गरज मोजायची, मग वस्तू. या वेळी लेकीने स्वतः मोजलं, याचं मला मॉनिटरपेक्षा जास्त समाधान आहे.

तुमच्या घरी असा विषय निघाला, तर आधी खोलीतला उजेड बघा आणि मग बॉक्सवरचा आकडा.

जय जिनेंद्र.