तिसऱ्या वर्षीही पेटणारा दिवा

शाळेच्या कार्यशाळेत किंवा आयटीआयमध्ये मुलांकडून सौरदिवा जुळवून घेणे आता सवयीचे झाले आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या १५० व्या जयंतीला, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने देशभरातल्या विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी असे दिवे जुळवले. त्याच संस्थेच्या ‘सोल’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी दिवे जुळवावेत, विकावेत आणि दुरुस्तही करावेत अशी रचना होती. यातले शेवटचे काम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, आणि आपल्या वर्गांत नेमके तेच मागे पडते. दिवा पेटला, गुण मिळाले, की विषय संपतो.

एलईडी अनेक वर्षे चालतो, पॅनेल त्याहून जास्त. आधी मरतो तो सेल. म्हणून दिव्याची आखणी सेलपासून सुरू करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

१.२ व्होल्टचे तीन एए निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, प्रत्येकी २००० एमएएच. असा सेल क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे २०० मिलीअँपिअरने, कोणत्याही कंट्रोलरशिवाय चार्ज करता येतो. ६ व्होल्ट, १ वॉटचे पॅनेल भर उन्हातही जेमतेम पावणेदोनशेच्या आसपास देते. म्हणजे जोडी जमली. पण पैसे वाचवायला त्याच पॅनेलला ६०० एमएएचचे सेल लावले, तर त्यांच्यावर जवळजवळ तिप्पट करंट लादला जातो. सेल दुपारीच भरतात आणि उरलेले ऊन त्यांना नुसते तापवत राहते. मग काही महिन्यांत ‘सोलर टिकत नाही’ असा बोल लागतो, तो पॅनेलला.

हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. भर उन्हाचे पाच तास धरले तर पॅनेलकडून साधारण साडेआठशे एमएएच येतात. चार्जिंगमधली तूट वजा जाता साडेपाचशे हाताशी उरतात. ५ मिमीचे तीन पांढरे एलईडी, प्रत्येकी २० मिलीअँपिअर, हे धरले तर रात्रीचे नऊ तास निघतात. हा उजेड वहीवर पुरतो, खोली उजळत नाही. दिवा देताना हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. प्रत्येक एलईडीला स्वतःचा २७ ओहमचा रेझिस्टर हवाच. तिघांत एक लावला तर करंट सारखा वाटला जात नाही.

तीन सेल घेण्यात आणखी एक सोय आहे, आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. सेल उतरू लागले की दिवा हळूहळू मंद होतो आणि पावणेतीन व्होल्टच्या आसपास जवळजवळ विझतो. तेव्हा प्रत्येक सेल ०.९ व्होल्टवर असतो. म्हणजे दिवा स्वतःच सेलला पार रिकामा होण्यापासून वाचवतो. हे टिकते ते तिन्ही सेल सारखे असतील तरच. जुन्यात नवा मिसळला की दुबळा सेल आधी रिकामा होऊन उलटा चार्ज होतो. सेल बदलायचे तर तिन्ही एकदम.

पॅनेलमधून रात्री सेल उतरू नयेत म्हणून डायोड लागतो. इथे साधा १एन४००७ चालतो, शॉटकी असला तर ढगाळ दिवशी थोडा फायदा होतो. त्याहून महत्त्वाची आहे ती उष्णता. ४५ अंशांपुढे हे सेल नीट चार्ज होत नाहीत, आणि वैशाखात पत्र्यावर ठेवलेला डबा ती मर्यादा सहज ओलांडतो. पॅनेल छपरावर, सेलचा डबा घरात सावलीत, मध्ये दोन-तीन मीटर वायर: एवढ्याने सेलचे आयुष्य वाढते. पॅनेलच्या पोटातच सेल ठेवणाऱ्या बागेतल्या दिव्यांची नक्कल करू नये.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल फुकट मिळतात, म्हणून ते वापरण्याचा मोह अनेक शिक्षकांना होतो. ज्या सेलचा इतिहास माहीत नाही तो संरक्षक सर्किटशिवाय मुलांच्या हाती देऊ नये, या मतावर आम्ही ठाम आहोत.

या अंकापासून आम्ही सौरदिव्याची कृती छापताना तीन अटी पाळणार आहोत. सेल होल्डरमध्येच असतील, सोल्डर केलेले नाहीत. डबा स्क्रूने उघडेल, ग्लू गनने बंद केलेला चालणार नाही. आणि झाकणाच्या आत सर्किटची आकृती व सेल बसवल्याची तारीख लिहिण्याची जागा असेल. वर्षाअखेर दिवे परत मागवून मल्टिमीटरने एकेक सेल तपासण्याचा तास ज्यांनी घेतला असेल, त्यांनी आपली निरीक्षणे जरूर पाठवावीत. दिवा बंद पडला असेल तर तो का पडला, हेही लिहावे. ती आम्ही छापू.