तलावाकाठचे शिबिर कोणाच्या पाण्यावर?



उन्हाळा आला की आपल्या मराठी मंडळ्यांत आध्यात्मिक शिबिराची बोलणी सुरू होतात. हैदराबादेत मग तलावाकाठच आठवतो, गंडीपेट नाहीतर शामीरपेट. तंबू किंवा कॅराव्हॅन, हातात गळ, भोवती शांतता. "प्रार्थनेलाच जातो, पैसे भरून जातो, मग कोणाची हरकत?" असे विचारले जाते. आमची आहे.

विश्रांतीला हरकत नाही. शिष्य दमून आले तेव्हा खुद्द प्रभूने त्यांना एकांतात चलायला सांगितले (मार्क ६). विश्रांतीला चैन म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा. पण पुढेही वाचावे. होडी काठाला लागते तो लोक आधीच हजर! प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्यांना पाठवून द्या, असे म्हणाले ते शिष्य. कुंपण घातलेला काठ भाड्याने घेताना आपण प्रभूचे ऐकतो की शिष्यांचे?

गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचे सरोवर. शिमोन, अंद्रिया, याकोब व योहान यांचे पोट त्यावर होते. रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. तेलंगणातले गंगापुत्र आणि मुदिराज समाजाचे मच्छीमारही पिढ्यानपिढ्या तलावांवर जगत आले आहेत. गळाला मासा लागला की फोटो काढायचा, ही आपली करमणूक. त्यांची ती भाकरी आहे.

आणि हे पाणी तरी कसले? २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या पुराने या शहरातली हजारो माणसे नेली. त्यानंतर पूर अडवायला आणि शहराची तहान भागवायला उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट (१९२०), आणि हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. गंडीपेटचे पाणी प्यालेला हैदराबाद सोडत नाही, असे जुनी माणसे म्हणतात. १९९६ च्या सरकारी आदेश क्रमांक १११ ने या दोन तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारे कारखाने आणि मोठी हॉटेले रोखली. २०२२ मध्ये सरकारने ती बंधने उठवण्याचा आदेश काढला. कायदा सैल झाला म्हणून ख्रिस्ती माणसाचा विवेकही सैल व्हावा काय? सकाळी काठावर स्तोत्रे गायची आणि रात्रीचे सांडपाणी शेजाऱ्याच्या हंड्याकडे सोडायचे, याला उपासना म्हणत नाहीत.

म्हणून प्रत्येक मंडळीने जागा ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सांडपाणी कुठे जाते? मच्छीमारांना त्या काठावर येऊ देतात का? आपला कचरा कोण उचलणार? पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या. काहीही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा होती. आपल्या शिबिरातून निदान थर्माकोलच्या ताटल्या तरी आपणच परत आणू. मासे खायचेच तर तिथल्या मच्छीमाराकडून, घासाघीस न करता, पुरा भाव देऊन घेऊ. उत्तरे समाधानकारक नसतील, तर चर्चच्या आवारातल्या झाडाखालीही देव भेटतो.

पुनरुत्थित प्रभूने काठावर विस्तव पेटवून दमलेल्या कोळ्यांना न्याहारी दिली (योहान २१). आपल्या शिबिरातल्या न्याहारीला त्या काठचा कोळी पाहुणा म्हणून बसेल, अशी कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.