नोड की जँगो? आधी गर्दी मोजा!

संध्याकाळी मेहरूण तलावावर बसलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या कुठल्याही ग्रुपजवळ जा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरून वाद रंगलेला असतो. ‘नोड घे भो, सगळे तेच शिकताहेत.’ ‘नाही रे, जँगोत काम लवकर उरकतं.’ ‘पीएचपी? ते तर कधीच संपलं!’

वाद मस्त असतो, पण त्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ही साइट एकाच वेळी किती जण वापरणार?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते २०२५ च्या मे महिन्यात अख्ख्या राज्यानं पाहिलं. तोवर अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतेच होते. त्या वर्षी ते राज्यभर लागू झाले आणि जळगाव-धुळ्याची मुलंही पहिल्यांदाच त्या रांगेत आली. नऊ हजारांहून जास्त ज्युनिअर कॉलेजं आणि सुमारे वीस लाख जागा! १३ मे ला दहावीचा निकाल लागला. १९ आणि २० मे हे दोन दिवस सरावासाठी दिले होते. २१ मे ला खरी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं. नोंदणी पुन्हा सुरू व्हायला २६ मे उजाडला.

घरी लॅपटॉप असलेल्यांना हे पाच दिवस म्हणजे नुसती चिडचिड. पण खेड्यातून एसटीनं तालुक्याला येऊन नेट कॅफेत फॉर्म भरणाऱ्या मुलाचं काय? त्याचं भाडं जातं, सोबत आलेल्या वडिलांचा रोज बुडतो. म्हणजे सर्व्हरचा विषय फक्त कोडिंगवाल्यांचा उरत नाही.

साइट बसते म्हणजे काय होतं?

तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो फक्त दर्शनी भाग. त्यामागचा प्रोग्रॅम तुमचं लॉगिन तपासतो, फॉर्म घेतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो. डेटाबेस एका वेळी ठरावीक कनेक्शनच सांभाळू शकतो. ती भरली की बाकीचे थांबतात. थांबलेला माणूस काय करतो? रिफ्रेश मारतो. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे आणखी एक रिक्वेस्ट. अशी गर्दी स्वतःच स्वतःला वाढवत जाते.

आपल्या भरीत पार्टीचंच बघा. दहा जण येणार असतील तर काहीही चालतं. पाचशे जण एकदम आले तर चूल कुठल्या कंपनीची हे कुणी विचारत नाही. वाढपी किती आणि पंगती कशा बसवल्या, यावर सगळं ठरतं.

अमेरिकेतही हेच झालं होतं. आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी विमा घेणं किती जणांना जमलं? फक्त सहा! सगळे भाग जोडून पूर्ण चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली, असं कंत्राटदारांनी नंतर तिथल्या संसदेला सांगितलं. पैसा आणि माणसं असूनही ही गत झाली.

मग टूल कुठलं घ्यायचं?

टूल निवडायचंच, पण कामाकडे बघून.

• चॅट, लाइव्ह स्कोअर असं सतत ये-जा करणारं काम असेल तर नोड चांगलं. अशी हजारो कनेक्शन ते कमी खर्चात धरून ठेवतं. पण त्याच्या मुख्य धाग्यावर जड हिशेब टाकलात की बाकीचे सगळे ताटकळतात.

• फॉर्म, लॉगिन, अ‍ॅडमिन पॅनेल पटकन हवं असेल तर जँगो. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या वेब टीमनं ते बनवलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. डेडलाइनमध्ये जन्मलेलं टूल आहे ते! इन्स्टाग्रामची सुरुवातही जँगोवरच झाली.

• दुकानाची किंवा क्लासची साधी साइट असेल तर पीएचपी, लारावेल. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर चालतं. आणि ‘संपलं’ म्हणणाऱ्यांना सांगा, विकिपीडिया आजही पीएचपीवरच आहे.

• जागावाटप, पैसे, तिकीट असेल तर भाषेआधी डेटाबेस नीट निवडा. एकच जागा दोघांना मिळता कामा नये. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाहीतर अजिबात होऊ नये. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ही अशा कामाला मुरलेली नावं.

भाषेच्या नावाशी ज्याचा काही संबंध नाही, असं काम त्यानंतर येतं. न बदलणारी माहिती पुन्हा पुन्हा डेटाबेसकडून मागू नका, कॅशमध्ये ठेवा. एसएमएस, ईमेल अशी कामं वेगळ्या रांगेत टाका, म्हणजे फॉर्म भरणारा त्यासाठी अडकत नाही. आणि लोकांना सोडण्याआधी खोटी गर्दी सोडून बघा. अपाची जेमीटर त्यासाठी फुकट मिळतं.

साइट कोण सांभाळणार?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आपल्याकडची बरीच पोरं डिग्री झाली की पुण्याची गाडी पकडतात. तुम्ही ओळखीच्या दुकानदाराला नव्याकोऱ्या फ्रेमवर्कमध्ये साइट करून दिलीत आणि सहा महिन्यांनी ती बंद पडली, तर जळगावात ती दुरुस्त करणारा कुणी आहे का? नसेल तर थोडं जुनं, पण चार जणांना येणारं टूल घ्या. सीव्हीवर ते तितकं चमकत नाही, पण दुकानदाराचं काम अडत नाही.

या रविवारी एक करा. तुमच्याच प्रोजेक्टवर, तुमच्याच लॅपटॉपवर जेमीटरनं आधी पन्नास जण सोडा, मग दोनशे, मग हजार. फक्त दुसऱ्याच्या साइटवर हा प्रयोग नको! कितव्या आकड्याला साइट बसली आणि का बसली, ते वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत ‘मला नोड येतं’ म्हणणारे खूप असतात. ‘माझी साइट तीनशेला बसली, कारण शोधून मी ती हजारापर्यंत नेली’ असं सांगणारे मोजकेच भेटतात.