रामबाण की रामभरोसे?

मंडळी, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी एक बातमी फॉरवर्ड करतंच. "स्तनाच्या कॅन्सरवर नॅनो रामबाण!" सोबत चित्र: निळ्या पार्श्वभूमीवर चकाकणारे गोळे क्षेपणास्त्रासारखे थेट गाठीत घुसताहेत. बातमी शेवटपर्यंत वाचली की कळतं, बरे झालेले सगळे पेशंट उंदीर आहेत.

माझा राग संशोधनावर नाही. राग आहे तो 'टार्गेटेड' या एका शब्दावर.

आधी कल्पना समजून घेऊ. ट्रिपल निगेटिव्ह हा स्तनाच्या कॅन्सरचा आक्रमक प्रकार. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्ही खुणा त्यात सापडत नाहीत, त्यामुळे त्या खुणांवर चालणारी औषधं इथे उपयोगाची नाहीत. मोठी भिस्त केमोवर. आणि केमो म्हणजे औषध रक्तातून सगळीकडे फिरणार. केसांपासून अस्थिमज्जेपर्यंत सगळ्यांना प्रसाद. मग शास्त्रज्ञ म्हणाले, औषध शंभरेक नॅनोमीटरच्या कणात भरू. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, कण तिथेच झिरपतील आणि साचतील. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली हे मांडलं. पुढे कणावर अँटिबॉडीचा 'पत्ता' चिकटवायची कल्पनाही आली. कागदावर झकास!

आता आपल्या धंद्याच्या भाषेत विचारतो: डिलिव्हरी रेट किती? २०१६ साली टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे, प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. मध्यक निघाला ०.७ टक्के. म्हणजे हजार पॅकेट पाठवली, सात पोचली. बाकीची बरीचशी यकृताने आणि प्लीहेने गिळली. असलं डिझाइन घेऊन आपण रिव्ह्यूला बसलो तर चहा यायच्या आत बाहेर काढतील.

यावर उत्तर तयार असतं: साध्या केमोचंही बहुतेक औषध गाठीबाहेरच जातं की! अगदी मान्य. पण मग 'थोडं बरं पॅकिंग' म्हणा ना, क्षेपणास्त्र कशाला? आणि पत्त्याचं म्हणाल तर तो कण पेशीला जाऊन धडकल्यावरच कामी येतो. तिथवर नेतं ते रक्त, आणि रक्त काही पत्ता वाचत नाही.

उंदरांचं गणितही बघा. वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे वजनाच्या पाच टक्के. साठ किलोच्या बाईत ती तीन किलोची होईल. शिवाय उंदरातली गाठ भराभर वाढवलेली, म्हणून तिच्या रक्तवाहिन्या जास्त गळक्या. माणसात हे दर पेशंटला आणि दर गाठीला बदलतं.

मग माणसांत काय झालं? डॉक्सोरुबिसिन चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरून दिलं. २००४ साली ५०९ बायकांवरच्या चाचणीचे निकाल आले. कॅन्सरवरचा परिणाम साध्या डॉक्सोरुबिसिनइतकाच, पण हृदयावरचा दुष्परिणाम बराच कमी. २००५ साली अमेरिकेत ॲल्ब्युमिनवर बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं. त्याने ॲलर्जी करणाऱ्या जुन्या द्रावकाची कटकट संपवली. दोन्ही खरे, कामाचे फायदे. गंमत म्हणजे यातल्या एकावरही अँटिबॉडीचा पत्ता नव्हता! पत्ता चिकटवलेला एमएम-३०२ हर-२ वाल्या कॅन्सरसाठी चाचणीत उतरला आणि उपयोग दिसेना म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये ती चाचणी थांबवली.

'टार्गेटेड' शब्द कुणी कमावला असेल तर नॅनोकणापेक्षा कितीतरी लहान असलेल्या, औषध थेट अँटिबॉडीलाच जोडलेल्या रेणूंनी. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान घ्या. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सरमध्ये, आधीचे उपचार थकल्यावर, २०२१ साली छापलेल्या चाचणीत केमोवर मध्यक आयुष्य ६.७ महिने होतं, यावर १२.१. हा चमत्कार नाही. पण हे महिने जिवंत बायकांचे आहेत.

एवढं चिडायचं कारण काय? ही बातमी अशा घरात पोचते जिथे तिसरी केमो झालीय, केस गेलेत, आणि एखादा भाऊ म्हणतो, "ताई, जरा थांबायचं का? तिकडे नॅनो आलंय म्हणे." या आजारात थांबणं म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा.

आणि आपल्या मुंबईतलीच एक गोष्ट. टाटा मेमोरियलने ७१७ ट्रिपल निगेटिव्ह पेशंट घेऊन तपासलं की शस्त्रक्रियेआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिन घातलं तर काय होतं. निकाल डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. पन्नाशीपर्यंतच्या बायकांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ वर गेलं. कार्बोप्लॅटिन हे १९८० च्या दशकातलं, जेनेरिक मिळणारं औषध. चकाकणारे गोळे नाहीत, निळी पार्श्वभूमी नाही. खरं सांगा, हे किती जणांनी फॉरवर्ड केलं?

तेव्हा पुढची बातमी आली की तीनच प्रश्न विचारा. माणसांवर की उंदरांवर? तुलना कशाशी? आणि माणसं जास्त जगली का, निदान त्रास तरी कमी झाला का? उत्तरं नसतील तर बोट आवरा. मथळ्यात रामबाण असला तरी कारभार रामभरोसे आहे.