भोंगा दहादा खोटा वाजला तर अकराव्यांदा कोण उठेल? बिबट्याचा इशारा आणि कंपायलरची 'वॉर्निंग'

कल्पना करा. आळे गावाच्या शिवारात, उसाच्या कडेला असलेल्या वस्तीवर रात्री अडीच वाजता भोंगा वाजतो. पहिल्या रात्री सगळे बॅटऱ्या घेऊन बाहेर येतात. कुत्रं निघतं. दुसऱ्या रात्री वासरू निघतं. तिसऱ्या रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारीच निघतो. चौथ्या रात्री भोंगा वाजतो तेव्हा कुणीतरी कूस बदलून म्हणतं, "कुत्रंच असेल."

त्या रात्री खरंच बिबट्या आला असेल तर?

हा प्रश्न आत्ता विचारण्याचं कारण आहे. आळे गाव जुन्नर वनविभागात येतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके या विभागात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. पाच वर्षांची एक मुलगी, एक वृद्ध महिला आणि १३ वर्षांचा एक मुलगा. संतापलेले लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, वनविभागाची गाडी पेटवली गेली. त्यानंतर एका बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आलं.

तेव्हापासून उपायांच्या यादीत एक गोष्ट सतत दिसते, ती म्हणजे एआयवर चालणारा इशारा. कॅमेऱ्याने प्राणी टिपायचा, सॉफ्टवेअरने तो ओळखायचा आणि बिबट्या असेल तर भोंगा वाजवायचा. ऐकायला सोपं आहे. अडचण भोंगा वाजवण्यात नाहीच, तो कधी वाजवायचा नाही हे ठरवण्यात आहे.

९५ टक्के बरोबर, तरीही बहुतेक वेळा चूक

एक साधं गणित करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, शेताच्या कडेच्या कॅमेऱ्यासमोरून महिन्याभरात हजार हालचाली झाल्या. कुत्री, मांजरं, शेळ्या, माणसं, दुचाकी. त्यातले फक्त पाच वेळा बिबट्या होता. सॉफ्टवेअर ९५ टक्के वेळा बरोबर ओळखतं असं धरा.

पाचही वेळा बिबट्या ओळखला गेला, छान. पण उरलेल्या ९९५ हालचालींपैकी पाच टक्के, म्हणजे जवळपास ५० वेळा, बिबट्या नसताना भोंगा वाजला. एकूण ५५ वेळा वाजला, त्यातला खरा फक्त पाच वेळा. कंपनीच्या जाहिरातीत '९५ टक्के अचूक' लिहिलेलं असेल आणि ते खोटंही नसेल. वस्तीवरच्या माणसाला मात्र अकरा भोंग्यांमागे एक खरा मिळतो.

नसलेल्या धोक्याच्या या इशाऱ्याला तंत्रज्ञानाच्या भाषेत 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. या दुखण्याशी सगळ्यात जास्त काळ झगडलेल्यांमध्ये प्रोग्रामर आहेत.

कांद्याची पट्टी आणि घाबरट कंपायलर

प्रोग्रामर जो कोड लिहितो तो संगणकाला जसाच्या तसा कळत नाही. त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपायलर म्हणतात. हे काम करताना कंपायलर कोड वाचतो आणि काही खटकलं तर 'वॉर्निंग' देतो. म्हणजे चूक आहेच असं नाही, पण एकदा बघून घ्या.

उदाहरण घेऊ. आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याची पट्टी करणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्यात लिहिलंय: गोण्या आल्या असतील तर दहा किलोचा भाव भर. मग मध्ये बऱ्याच ओळी आहेत. शेवटी: गोण्या आल्या असतील तर वजन आणि भावावरून रक्कम काढ.

माणसाला दिसतं की गोण्या नसतील तर भाव भरला जाणार नाही, पण तो वापरलाही जाणार नाही. सगळं ठीक आहे. पण दोन अटी एकच आहेत हे कंपायलरच्या लक्षात आलं नाही, तर तो म्हणतो, 'भाव न भरताच वापरला जाण्याची शक्यता आहे.' हा खोटा इशारा झाला.

मग कंपायलर हुशार का करत नाहीत? करतात, पण त्याला मर्यादा आहे. हेन्री राइस या गणितज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाचा सोपा अर्थ असा की, कुठलाही प्रोग्राम चालताना कसा वागेल हे दरवेळी अचूक सांगणारा दुसरा प्रोग्राम बनूच शकत नाही. त्यामुळे असं साधन एक तर काही खऱ्या चुका सोडून देणार, नाही तर काही खोटे इशारे देणार. बहुतेक साधनं दोन्ही थोडं थोडं करतात.

सी भाषेतला कोड तपासण्यासाठी बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'लिंट' हे साधन १९७०च्या दशकात तयार केलं. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला धागा-कचरा. त्याचे इशारे इतके असायचे की त्यातला कामाचा कुठला हे शोधणंच एक काम होऊन बसायचं.

इशारा बंद केला, आणि…

वैतागलेला माणूस काय करतो? भोंग्याची वायर काढतो. प्रोग्रामरही तेच करतात.

लिनक्सच्या बाबतीत हे उघडपणे झालं. जीसीसी नावाच्या प्रसिद्ध कंपायलरमध्ये वरच्या कांद्याच्या उदाहरणासारखाच, 'कदाचित रिकामं राहिलं असेल' असा एक इशारा आहे. आधी 'नक्की रिकामं' आणि 'कदाचित रिकामं' हे दोन्ही एकाच नावाखाली यायचे. २०१२ मध्ये ते वेगळे केले गेले. म्हणजे ज्याला फक्त खात्रीचे इशारे हवेत त्याने तेवढेच घ्यावेत. तरीही खोटे इशारे येतच राहिले, आणि मे २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या नेहमीच्या बांधणीतून तो 'कदाचित'वाला इशारा काढून टाकला. हा निर्णय विचार करून घेतलेला होता. खात्रीचा इशारा चालू ठेवला आणि ज्याला हवा त्याला दुसराही चालू करता येतो.

डेबियनमध्ये घडलं ते मात्र भीतीदायक आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एका देखभालकर्त्याला ओपनएसएसएल या सुरक्षा-सॉफ्टवेअरबद्दल असाच इशारा मिळाला होता. इथे तो कंपायलरने नाही, तर प्रोग्राम चालवून तपासणाऱ्या दुसऱ्या साधनाने दिला होता. इशारा थांबवण्यासाठी त्याने कोडच्या दोन ओळी बंद केल्या. इशारा थांबला. पण गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता त्याच ओळींपैकी एकीतून येत होती. त्यानंतर एका प्रकारच्या संगणकावर, एका प्रकारच्या आणि लांबीच्या जास्तीत जास्त ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्याच बनू शकत होत्या. हल्लेखोराला त्या सगळ्या आधीच करून ठेवता आल्या असत्या. हे मे २००८ मध्ये उघड झालं. जवळपास दोन वर्षं जगभरच्या सर्व्हरवर अंदाज बांधता येईल अशी कुलपं लागत होती.

खोटा इशारा कमी करणं आणि इशाऱ्याचं तोंड बंद करणं यातला फरक इथे दिसतो.

किती खोटे इशारे माणूस सहन करतो?

कोड तपासणारं साधन विकणाऱ्या कव्हेरिटी कंपनीच्या लोकांनी २०१० मध्ये आपला अनुभव लिहिला. खोटे इशारे ३० टक्क्यांच्या वर गेले की लोक साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याहून वाईट म्हणजे एकदा विश्वास गेला की खऱ्या चुकाही लोक 'हा पण खोटाच' म्हणून बाजूला टाकतात.

गूगलने आणखी कडक मर्यादा ठेवली, सुमारे १० टक्के. त्यांची व्याख्याही वेगळी आहे. इशारा तांत्रिकदृष्ट्या खरा असला, पण तो वाचून प्रोग्रामरने काहीच केलं नाही, तर तो खोट्यातच धरायचा. प्रत्येक इशाऱ्याशेजारी तो निरुपयोगी असल्याचं कळवायची सोय असते. ज्या तपासणीबद्दल अशा तक्रारी वाढतात, ती सुधारायची नाही तर काढायची. चूक इशारा देणाऱ्याची धरली जाते, ऐकणाऱ्याची नाही.

या विषयावरचं महत्त्वाचं काम पुण्यातही झालंय. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीमध्ये, गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरसारखे कोड तपासताना येणारे हजारो इशारे कसे आटोक्यात आणायचे यावर अनेक वर्षं संशोधन झालं. तिथले संशोधक तुकाराम मुसके यांनी अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासोबत २०१६ मध्ये अशा उपायांचा आढावा प्रसिद्ध केला. एक उपाय म्हणजे आधी झटपट पण ढोबळ तपासणी करायची आणि तिने उठवलेल्या प्रत्येक शंकेवर दुसरी, हळू पण काटेकोर तपासणी चालवायची. दुसरा म्हणजे एकाच कारणाने आलेले दहा इशारे एकत्र बांधून, मूळ जिथे आहे तिथे एकच दाखवायचा.

मग जुन्नरमध्ये काय?

हा धडा जसाच्या तसा उचलता येत नाही. कंपायलरने इशारा चुकवला तर बहुतेकदा एक बग राहतो. बिबट्याचा इशारा चुकला तर उसाच्या कडेला खेळणारं मूल असतं. त्यामुळे १० टक्क्यांची मर्यादा इथे परवडणारी नाही. थोडे जास्त खोटे भोंगे सोसावेच लागतील.

पण बाकीचं घेता येतं. 'नक्की' आणि 'कदाचित' वेगळं करणं हे सगळ्यात स्वस्त. सॉफ्टवेअरला खात्री असेल तेव्हाच भोंगा, शंका असेल तर आधी तो फोटो वनरक्षकाच्या किंवा गावातल्या बचाव पथकाच्या मोबाइलवर. तो माणूस म्हणजे इथली दुसरी, काटेकोर तपासणी. मात्र रात्री अडीचला फोटो पाहणारं कुणी हवं. एकच बिबट्या चार कॅमेऱ्यांसमोरून गेला तर चार गावांत चार वेगळे इशारे न जाता एकच जायला हवा, तो कुठून कुठे चाललाय हे सांगणारा. आणि प्रत्येक भोंग्यानंतर काय निघालं याची नोंद हवी: कुत्रं, वासरू की बिबट्या. अशी नोंद नसेल तर यंत्रणा सुधारतेय की बिघडतेय हे खरेदी करणाऱ्यालाही कळणार नाही.

आणखी एक खोटा भोंगा आहे, तो कॅमेऱ्यातून येत नाही. २०२५च्या हल्ल्यांनंतर एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो आपल्याच सोसायटीत, आपल्याच गल्लीत म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, आणि असे फोटो पसरवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा वनविभागाला द्यावा लागला. असा फोटो आला की कर्मचाऱ्यांना शहानिशा करावी लागते, बऱ्याचदा जागेवर जाऊन. कर्मचारी मोजकेच असतात आणि उसातल्या ज्या वस्तीवर पिंजरा लावायचा असतो तिथे जाणारेही तेच असतात.