तट्टू विकलं नाही म्हणून…

मैत्रिणींनो, घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक झाशीची राणी, ती इतिहासाच्या पुस्तकात. दुसरा वरातीतला नवरदेव, तो आपल्या गल्लीत. घोडेस्वारी हेच जिचं करिअर, अशी मुलगी काही आपल्या पाहण्यात नसते. म्हणूनच आज मेरियन कोक्सविषयी सांगावंसं वाटतं.

मेरियन इंग्लंडमधल्या शेतकऱ्याची लेक. तिचा खेळ शो जंपिंग. मैदानात रचलेल्या दांड्यांवरून घोड्यासह उड्या घेत जायचं. दांडी पडली की चार दोष. ज्याचे दोष कमी, तो जिंकला. ऑलिंपिकमध्ये या खेळात बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. पण तिथेही बायकांना दार उघडलं ते १९५६ मध्ये. त्या वर्षी पॅट स्माइद उतरली आणि ब्रिटनच्या संघाबरोबर कांस्यपदक घेऊन आली.

मेरियनचा स्ट्रोलर म्हणजे पोनी, आपल्या भाषेत तट्टूच म्हणा ना! खांद्यापाशी उंची जेमतेम पावणेपाच फूट. मेरियनचं मुलांच्या स्पर्धांचं वय संपलं, तेव्हा वडिलांनी त्याला विकायचं मनात आणलं. व्यवहाराला धरूनच होतं ते. मोठ्यांच्या स्पर्धेत धिप्पाड घोडे, तिथे हे तट्टू काय टिकणार? पण लेकीनं हट्ट धरला आणि वडिलांनी तो मानला.

१९६५ मध्ये, अठराव्या वर्षी, ती महिलांची जगज्जेती झाली. १९६७ मध्ये तिनं हिकस्टेडची मानाची डर्बी जिंकली. १९६८ मध्ये मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये त्याच तट्टूवरून रौप्यपदक! शो जंपिंगमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत मात्र स्ट्रोलर अडला आणि संघ बाद झाला. म्हणून ती घरी बसली नाही. १९६९ मध्ये लग्न झालं, कोक्सची मोल्ड झाली. आपल्याकडे गोष्ट इथेच संपते. तिनं मात्र १९७० मध्ये स्ट्रोलरवरूनच हॅम्बुर्गची डर्बी जिंकली.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ, आपल्याला काय त्याचं? खरं आहे. घोडा पाळा असं मी म्हणतच नाही. पण बचत गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते, तेव्हा एक गोष्ट सारखी जाणवते. आठवी-नववीपर्यंत कबड्डी, खो-खो गाजवणाऱ्या मुली दहावी झाली की मैदानावरून नाहीशा होतात. त्यांना कुणी रागावलेलं नसतं, मारलेलं नसतं. "आता पुरे झालं, मोठी झालीस" एवढंच कुणीतरी म्हणालेलं असतं. आणि पुष्कळदा ते म्हणणारी आपणच, आईच असते. त्यामागे काळजी असते, चार लोकांची भीती असते, पैशाची ओढाताण असते. मेरियनच्या वडिलांचा हिशेबही चुकीचा नव्हताच की! फक्त त्यांनी लेकीचं ऐकून घेतलं.

प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही. त्याची गरजही नाही. पण तिचं काही बंद करण्याआधी तिला शेजारी बसवून एकदा विचारूया, "तुला काय वाटतं गं?" आणि तिनं हट्ट धरलाच, तर लगेच 'नाही' म्हणू नका. निदान एक वर्ष तरी द्या तिला.